किल्ला पडकाच बांधा

दिवाळीच्या सुट्टीत पंचवटीपासून सिडकोच्या वसाहतींपर्यंत नाशिकमध्ये जे किल्ले उभे राहतात, त्यांची घडण बहुतेक ठरलेली असते. आत विटा-दगडांचा ढीग, त्यावर भिजवलेले गोणपाट, गोणपाटावर कालवलेल्या मातीचा लेप, उतारावर पेरलेले हळीव नाहीतर मोहरी, वळणावळणाचा रस्ता, पायथ्याशी तळे आणि माथ्यावर सिंहासनावर बसलेले महाराज. तट कुठे खचलेला नसतो, बुरुजाचा एकही चिरा ढळलेला नसतो, दरवाजाला पुरी कमान असते आणि कमानीवर भगवा फडकत असतो. याच जिल्ह्यातल्या साल्हेर, धोडप किंवा रामशेजवर जो चढून जातो त्याला वेगळेच दिसते. अर्ध्यात तुटलेली कमान, छप्पर गेलेल्या कोठाराच्या भिंती, पिंपळाने मधोमध उकललेला बुरूज, गवतात बुडालेली जोती आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी. या दोन किल्ल्यांतले अंतर कुणाला फारसे खुपत नाही. ते खुपले पाहिजे, असे मला वाटते. ज्या जिल्ह्यात घराच्या गच्चीवरून गड दिसतो, तिथल्या निदान मोठ्या मुलांनी आणि त्यांना हात देणाऱ्या पालक-शिक्षकांनी गड आज जसा आहे तसा, म्हणजे पडका, बांधावा. पडकी वास्तू बांधणे हे अखंड वास्तू बांधण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि इतिहास शिकण्याची खरी संधी त्या अवघडपणातच आहे.

दिवाळीतल्या किल्ल्याला कमी लेखण्याचा इथे मुळीच हेतू नाही. कोणत्याही अभ्यासक्रमात नसलेले, कुणी गुण न देणारे, तरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हस्तकलेचे इतके मोठे शिक्षण दुसरे दाखवता येणार नाही. माती किती ओली असली की उतारावर टिकते, पाणी कुठून झिरपते, ओझे कुठे द्यायचे, हे मुले कुणी न सांगता शिकतात. उणीव आहे ती प्रमाणाची आणि निरीक्षणाची. बाजारातून आणलेला मावळा दरवाजापेक्षा उंच असतो, तोफ बुरुजाएवढी असते आणि महाराजांची मूर्ती बालेकिल्ल्याहून मोठी. लहान मुलांच्या खेळात हे शोभते, कारण तिथे मूर्तीचा आकार हा आदराचा आकार असतो. पण सातवी-आठवीतल्या मुलांचा किल्लाही तसाच राहतो, आणि अलीकडे तर प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले विकत आणून अंगणात ठेवले जातात, तेव्हा शिकण्याचा भाग जवळजवळ संपतो. तयार किल्ला साल्हेरचाही नसतो आणि सिंहगडाचाही नसतो. तो कोणत्याच डोंगरावर नाही.

पडक्या वास्तूंच्या प्रतिकृती करण्याला जगात चांगली जुनी परंपरा आहे. अठराव्या शतकात रोममधले कारागीर बुचाच्या लाकडातून तिथल्या पडक्या देवळांची आणि कमानींची लहान रूपे करत. बुचाचा सच्छिद्र, झिजलेला पोत जुन्या दगडासारखा दिसतो म्हणून ते साहित्य निवडलेले. लंडनमध्ये सर जॉन सोन या वास्तुविशारदाच्या घरात, म्हणजे आजच्या सोन संग्रहालयात, अशा प्रतिकृती अजून आहेत आणि त्यांच्या सोबतीला फ्रान्स्वा फूके या फ्रेंच कारागिराने केलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या वीस प्रतिकृती आहेत. त्या सोनने १८३४ मध्ये घेतल्या. यांतली कामाची वाटणी लक्षात घेण्यासारखी आहे. बुचाची रूपे वास्तू आज कशा उरल्या आहेत ते दाखवतात. प्लास्टरची रूपे, पांढरीशुभ्र आणि रेखीव, त्या मुळात कशा असाव्यात याचा अंदाज दाखवतात. दोन्ही शेजारी ठेवली की पुरावा कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते, हे पाहणाऱ्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे दिवाळीत फक्त दुसरा प्रकार होतो, आणि तोही अंदाज आहे हे न सांगता.

याहून मोठे उदाहरण नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ज्वालामुखीच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहराची १:१०० प्रमाणातली प्रतिकृती १८६१ मध्ये जुसेप्पे फिओरेल्ली या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली सुरू झाली आणि १८७९ पर्यंत तिचे काम चालले. साहित्य म्हणाल तर लाकूड, बूच आणि कागद. त्यात उत्खननात सापडलेली घरे सापडली तशी, बिनछपराची, मोडक्या भिंतींची दाखवली आहेत आणि भिंतींवरची चित्रे, फरशांची नक्षी बारीक रंगकामाने उतरवली आहे. त्यातली कित्येक चित्रे नंतरच्या काळात उन्हापावसाने जागेवरून नाहीशी झाली. आज अभ्यासकांना ती पाहायची असतात तेव्हा ते या प्रतिकृतीकडे वळतात. हे काम करवणाऱ्यांनी शहर पुन्हा अखंड करून दाखवण्याचा मोह धरला असता, तर आपल्या हाती एक सुंदर खेळणे उरले असते आणि पुरावा गेला असता. याच फिओरेल्लीने १८६३ मध्ये राखेत राहिलेल्या माणसांच्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून त्यांचे देह साकारले होते. जे नाहीसे झाले त्याचा आकार धरून ठेवणे हे प्लास्टरचे काम तेव्हापासून साऱ्या जगाला माहीत आहे.

आता नाशिककडे येऊ. इथल्या गडांची पडझड काही एका कारणाने झालेली नाही, आणि हीच गोष्ट प्रतिकृती करणाऱ्याला सर्वांत आधी समजून घ्यावी लागते. १८१८ च्या उन्हाळ्यात लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेने अंकाई, राजदेहेर, त्र्यंबक असे एकामागून एक गड घेतले आणि शेवटी मालेगावच्या भुईकोटाला वेढा घातला. त्र्यंबक पडल्यावर भोवतालचे अनेक गड न लढताच इंग्रजांकडे गेले. पुन्हा कुणी या डोंगरांचा आसरा घेऊन उठू नये म्हणून त्यानंतर अनेक ठिकाणच्या पायऱ्या, दरवाजे आणि तट सुरुंगाने उडवण्यात आले. हरिहरच्या कातळात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या चढणीच्या पायऱ्या बचावल्या, आणि त्याच्या माथ्यावर एक दगडी कोठार छतासकट उभे आहे. बाकी ठिकाणी इतके भाग्य नव्हते. सुरुंगाच्या मागोमाग पावसाने काम केले. सह्याद्रीच्या धारेवर चार महिने कोसळणारा पाऊस दरजांतला चुना वर्षानुवर्षे धुऊन नेतो. मग पिंपळ आणि उंबर येतात. पाखरांनी टाकलेले बी सांध्यात रुजते, मुळी बारीक असताना दिसत नाही आणि दिसू लागते तेव्हा चिरे हललेले असतात. लाकूड तर सगळ्यांत आधी गेले, म्हणून गडावरच्या सदरेला आणि वाड्यांना आज भिंती सापडतात पण छप्पर सापडत नाही. माणसांनीही चांगले घडीव चिरे घरांना आणि बांधांना नेले, गुप्तधनाच्या आशेने जोती उकरली.

यातल्या प्रत्येक कारणाची खूण वेगळी असते. सुरुंगाने उडालेल्या तटाचे दगड लांब फेकले जातात आणि उताराखाली पंख्यासारखे पसरतात, मोठे दगडही दूर सापडतात. पावसाने खचलेली भिंत वरून झिजत येते, तिचा माथा गोलसर होतो आणि ढीग तिच्या पायाशीच बसतो. मुळांनी फोडलेल्या बुरुजाला उभी भेग असते, भेगेच्या दोन्ही बाजूंचे थर एकमेकांशी जुळतात पण एक बाजू बाहेर कललेली असते. आणि जिथून माणसांनी दगड नेले तिथे दर्शनी घडीव चिरे नाहीसे होऊन आतला ओबडधोबड भराव उघडा पडतो, पायाशी मात्र ढीगच नसतो. एखाद्या मुलाने बुरुजाला हातोडीने कोपरा पाडला तर तो पडका बुरूज झाला नाही. तो मोडलेले खेळणे झाला. कशाने पडला, कोणत्या बाजूला पडला आणि पडलेले गेले कुठे, या तीन प्रश्नांना उत्तरे असली तरच ती पडझड खरी वाटते. उत्तरे शोधायला गडावर जावे लागते, जुन्या नोंदी वाचाव्या लागतात, १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमधले त्या गडाचे वर्णन काढून आजच्या अवस्थेशी ताडून पाहावे लागते. अखंड किल्ला करणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही.

हे काम घरातल्या साहित्यात होते, आणि ते कसे होते ते सांगितल्याशिवाय मुद्दा पटणार नाही. आधी प्रमाण ठरवावे. एक इंच म्हणजे सहा फूट, म्हणजेच १:७२, हे मुलांना डोक्यात धरता येण्याजोगे प्रमाण आहे. उभा माणूस जेमतेम इंचभर, बारा फुटी दरवाजा दोन इंचांचा, अठरा फुटी तट तीन इंचांचा. या हिशेबाने पाचशे मीटर चढ असलेला डोंगर सात मीटरचा, म्हणजे दुमजली घराएवढा होईल. तेव्हा आख्खा साल्हेर अंगणात येणार नाही हे पहिल्याच हिशेबात कळते, आणि हे कळणे फार उपयोगाचे आहे. गडाचा एक कोपरा निवडावा लागतो. एखादा दरवाजा आणि त्याच्या आतल्या पहारेकऱ्यांच्या देवड्या, एखादा बुरूज आणि त्याला लागलेली तटाची वीस पावले, किंवा टाक्याच्या काठावरचे एक जोते. दीड फूट बाय दीड फुटाच्या फळीवर एवढेच मावते. एवढे नीट केले तर आख्ख्या काल्पनिक गडापेक्षा जास्त सांगते.

तटाची भिंत खरी कशी असते ते पाहून तशीच बांधावी, हा या कामातला सगळ्यांत महत्त्वाचा नियम आहे. गडाचा तट एकसंध दगडाचा नसतो. बाहेरून आणि आतून घडीव चिऱ्यांचे दोन पदर असतात आणि मध्ये दगडगोटे, चुना-माती यांचा भराव. प्रतिकृतीतही प्लास्टरच्या दोन पातळ फरश्या ओतून त्यांच्यामध्ये भराव घालता येतो. मिठाईच्या खोक्याच्या झाकणाला आतून तेलाचा हात फिरवून त्यात पाव इंच जाडीचा थर ओतावा. प्लास्टर कालवताना पाणी आधी घ्यावे आणि पावडर वरून भुरभुरत सोडावी. पाण्याच्या वर पावडरीची बेटे दिसू लागली की थांबावे, क्षणभर भिजू द्यावे आणि बुडबुडे न उठवता हलवावे. पावडरीत पाणी ओतले की गुठळ्या होतात. जिप्सम साधारण दीडशे अंशांना तापवून त्यातले बरेचसे पाणी उडवले की ही पावडर होते. आपण पाणी घातले की ती ते परत घेते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत अडकतात आणि त्या वेळी उष्णता बाहेर पडते. म्हणून भांड्यात हात बुडवून ठेवू नये, लहान मुलांना तर मुळीच ठेवू देऊ नये. चिमूटभर मीठ घातले की प्लास्टर लवकर आळते, लिंबाच्या रसाचे थेंब घातले की उशिरा. कोरताना वेळ हवा असेल तर लिंबू बरे. उरलेले मोरीत ओतू नये, नळीत दगड होतो.

थर आळला पण अजून दमट आहे, ओल्या खोबऱ्यासारखा कापला जातो, ही कोरण्याची वेळ. दाभण किंवा कंपासचे टोक आणि पट्टी घेऊन दरजा आखाव्यात. दीड फूट लांब आणि पाऊण फूट उंच चिरा या प्रमाणात सुमारे सहा मिलिमीटर लांब आणि तीन मिलिमीटर उंच येतो. वरच्या थराचा उभा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, गवंडी ही सांधमोड कटाक्षाने पाळतात आणि मूल ते कोरतानाच शिकते. फरशी वाळली की तुटायची ती जागा करवतीने कापू नये. मागून दाभणाने रेघ मारून हाताने मोडावी. तुटलेल्या प्लास्टरची कड तुटलेल्या दगडासारखीच खडबडीत येते, कापलेली कड लगेच उघडी पडते. मग दोन फरश्या एकमेकींपासून अंतर ठेवून फळीवर चिकटवाव्यात आणि मधली पोकळी प्लास्टरचे तुकडे, बारीक खडी, चाळलेली माती आणि पातळ केलेले फेव्हिकॉल यांनी भरावी. भिंत जिथे मोडली आहे तिथे हा भराव आपोआप दिसतो. गडावर तुटलेल्या तटाच्या टोकाला उभे राहून जे दिसते, तेच इथे बोटभर उंचीत दिसते.

ढिगाऱ्याचा हिशेब मात्र कुणी करत नाही, आणि नेमका तोच करण्यासारखा आहे. समजा तटाचा बारा फूट लांब, नऊ फूट उंच आणि सहा फूट जाड तुकडा पडला आहे. प्रतिकृतीत हा तुकडा दोन इंच, दीड इंच आणि एक इंच, म्हणजे तीन घन इंचांचा. रचलेले दगड सुटे झाले की मध्ये पोकळ्या राहतात, म्हणून ढीग साधारण चार-साडेचार घन इंचांचा व्हायला हवा. गडावर त्या जागी ढीग याच्या निम्माच दिसत असेल, तर उरलेला दगड कुठे गेला? उताराखाली घरंगळला की खालच्या वस्तीत गेला? चहाच्या कपाने मोजता येण्याजोग्या या हिशेबातून दोनशे वर्षांपूर्वीचा एक प्रश्न निर्माण होतो, आणि तो आठवीतल्या मुलालाही विचारता येतो. इतिहासाच्या पुस्तकात तो विचारलेला नसतो.

रंगाबाबत एवढेच सांगावेसे वाटते, की आपल्या गडांचा दगड काळा म्हणून सरसकट काळा रंग देऊ नये. बेसॉल्ट उन्हात राखाडी दिसतो, झिजल्यावर तपकिरी होतो, त्यावर दगडफुलाचे पांढुरके डाग पडतात आणि दरजांत कुठेकुठे चुन्याची रेघ राहते. प्लास्टर रंग पटकन शोषते, तेव्हा आधी फेव्हिकॉलचे पाणी देऊन घ्यावे. मग कोऱ्या चहाचे दाट पाणी, काव आणि काळा पोस्टर रंग यांचे पातळ हात एकावर एक द्यावेत आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका राखाडी रंग कडांवरून फिरवावा. वापरून वाळवलेली चहाची पूड पालापाचोळा म्हणून चालते, अंड्यांच्या पुठ्ठ्याचे तुकडे ओबडधोबड दगड म्हणून, सुतळी उसवली की पिंपळाची मुळे होतात. गवताला नारळाचा काथ्या हवा. दिवाळीच्या सुमारास गडावरचे गवत पिवळे पडू लागलेले असते, हिरव्यागार हळिवापेक्षा काथ्याच त्या दिवसांना जवळचा आहे.

गडांइतकीच ही गोष्ट जुन्या नाशिकच्या वाड्यांना लागू आहे, किंबहुना जास्त तातडीने. गोदाकाठच्या गल्ल्यांतले वाडे दगडी जोत्यावर, सागवानी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर आणि विटा-मातीच्या भिंतींवर उभे आहेत. त्यांची पडझड तटासारखी होत नाही. आधी कौले सरकतात, पाणी कड्यांच्या टोकांत शिरते, तुळईचे टोक कुजते, मग वरचा मजला आत बसतो आणि भिंत रस्त्याकडे कलते. पावसाळ्यात वाडा कोसळल्याच्या बातम्या नाशिकला नव्या नाहीत. अशा वाड्याची प्रतिकृती करायची तर आइस्क्रीमच्या काड्यांचा सांगाडा आधी पूर्ण उभा करून मगच भिंती भराव्या लागतात आणि नेमकी कोणती काडी काढली की काय खाली येते हे पाहावे लागते. जाड पुठ्ठ्याच्या भिंतीवरचा प्लास्टरचा गिलावा एका बाजूला पाडून आतली वीट दाखवता येते, देवळ्या, कोनाडे, खुंट्या ठेवता येतात. गडांना गॅझेटियर आहे, छायाचित्रकार आहेत, गिर्यारोहक आहेत. गल्लीतल्या वाड्याची नोंद घेणारा त्या गल्लीतल्या मुलाशिवाय दुसरा कोण आहे? वास्तू नाहीशी झाल्यावरही तिचे काही सांगता येते हे नाशिकने पाहिलेले आहे. गोदाकाठच्या जुन्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले, तेव्हा एकावर एक साचलेल्या वस्त्यांच्या थरांतून या शहराचा प्राचीन इतिहास हाती लागला. पण एखादा वाडा पाडून तिथे इमारतीचा पाया खणला गेला, की पुढच्या पुरातत्त्वज्ञासाठी थरही उरत नाहीत.

यावर पहिला आक्षेप सणाचा येईल. दिवाळीत पडके घर दाराशी कशाला, महाराजांचा किल्ला वैभवातच शोभतो, असे अनेक घरांत म्हटले जाईल, आणि त्यामागची भावना खरी आहे. पण रामशेजचा विचार करावा. आशेवाडीच्या डोक्यावरचा हा बेताचा डोंगर. औरंगजेबाच्या सैन्याने त्याला १६८२ मध्ये वेढा घातला आणि पुढची काही वर्षे एकामागून एक सरदार बदलूनही तो त्यांना लढून घेता आला नाही. त्या तटाची आजची अवस्था पाहिली की एवढ्याशा आडोशामागे माणसे कशी टिकली असतील, हा प्रश्न मनात येतो. साल्हेरच्या पायथ्याशी फेब्रुवारी १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले. त्या गडावर आज दरवाजांची रांग आहे, टाकी आहेत आणि माथ्यावर परशुरामाचे स्थान आहे, वाडे नाहीत. वैभव दाखवायला काल्पनिक महाल लागत नाहीत. शिवाय आपल्या बहुतेक गडांवरच्या इमारती अखंड असताना कशा दिसत होत्या, याची समकालीन चित्रे आपल्याकडे नाहीत. जे ठाऊक नाही ते ठामपणे बांधण्यापेक्षा जे समोर आहे ते नेमके बांधणे हा महाराजांच्या गडांचा अधिक मान आहे. आणि लहान भावंडांनी शेजारी नेहमीचा किल्ला करून त्यावर महाराजांना बसवावे. सोनच्या घरात जसे दोन प्रकार शेजारी नांदतात तसे अंगणातही नांदतील.

दुसरा आक्षेप प्लास्टरचा, आणि तो गंभीर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्तींसाठी पीओपी वापरू नये अशा सूचना दिल्या, त्या गोदावरीच्या काठावर राहणाऱ्यांनी मनावर घ्यायलाच हव्यात. पण तिथला दोष विसर्जनाचा आहे. प्लास्टर पाण्यात सहज विरघळत नाही आणि मूर्तीवरचे रंग पाण्यात उतरतात. प्रतिकृती विसर्जित करायची नसते, ठेवायची असते. तरीही डोंगर माती-गोणपाटाचाच करावा, तो सणानंतर झाडांना परत देता येतो. प्लास्टर फक्त भिंतींपुरते, एकदोन वाट्या, वापरावे. तेही नको असेल तर शाडूची माती किंवा कागदाचा लगदा चालतो, फक्त मोडल्यावर दगडासारखी कड त्यांना येत नाही. थर्माकोलचा विचार सोडून द्यावा. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि त्याचा तट कितीही रंगवला तरी दगडाचा वाटत नाही.

तिसरा आक्षेप शिकलेल्या माणसांकडून येईल: आता ड्रोन आहेत, लेझरने मिलिमीटरपर्यंत मोजणी होते, मग मुलांनी पुठ्ठा कापत कशाला बसायचे? मोजणीच्या अचूकतेत हाताने केलेली प्रतिकृती यंत्राच्या जवळपास येणार नाही, आणि गडाची दुरुस्ती करणाऱ्या पुरातत्त्व खात्याला यंत्राचीच मोजणी लागेल, हे मान्य करायला हवे. पण यंत्राने मोजलेले यंत्रात राहते. छायाचित्र काढणाऱ्याला भिंतीची जाडी ठरवावी लागत नाही आणि तिची मागची बाजू पाहिली नाही तरी चालते. प्रतिकृती करणाऱ्याचे मात्र मागच्या बाजूवाचून अडते, त्याला वळसा घालून मागे जावेच लागते. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यांत आपला साल्हेर आहे. मान मिळाला की गर्दी येते. येणाऱ्या गर्दीत तटाच्या मागची बाजू पाहणारी, दरजांत रुजलेला पिंपळ ओळखणारी आणि ढीग कमी का आहे असे विचारणारी माणसे किती असतील यावर गडाचे पुढचे आयुष्य ठरणार आहे. अशी नजर यंत्र देत नाही, ती कामातून येते.

एक धोका मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर नियमच आहे. अस्सलपणाच्या हौसेने कुणी गडावरचा दगड, विटेचा तुकडा, चुन्याचे ढेकूळ घरी आणता कामा नये. मोजायचे ते पावलांनी आणि टेपने, पडायला आलेल्या भिंतीवर न चढता. जिथे वनखात्याने किंवा पुरातत्त्व खात्याने वाट बंद केली आहे तिथे दुरूनच पाहावे. हरिहरच्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी होणारी गर्दी पाहता शाळांनी त्या गडाऐवजी रामशेज निवडावा हे बरे.

यंदा किल्ल्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी आणि शाळांनी एक गट आजच्या अवस्थेतल्या गडासाठी किंवा वाड्यासाठी ठेवावा, आणि परीक्षकांनी रोषणाईऐवजी वरचे तीन प्रश्न विचारावेत. जी प्रतिकृती चांगली उतरेल ती भाऊबीजेनंतर मोडू नये. फळीच्या खालच्या बाजूला गडाचे किंवा गल्लीचे नाव, उत्तर दिशा, प्रमाण, पाहिल्याची तारीख आणि वर्ष लिहून ती शाळेच्या कपाटात ठेवावी. पाच वर्षांनी दुसऱ्या मुलांनी त्याच जागी जाऊन तोच कोपरा पुन्हा बांधावा आणि दोन्ही फळ्या शेजारी मांडाव्यात.